तेरा तारखेचं गाऱ्हाणं

एडवर्डने ती बातमी सांगितली तेव्हा श्रीपाद जागा होता की नव्हता, यावर मालवणच्या बाजारपेठेत आजही दोन मतं आहेत. श्रीपादचं मत असं, की तो पूर्ण जागा होता आणि केवळ डोळे मिटून ऐकत होता. मयेकर वधू-वर सूचक केंद्राचे मालक भाई मयेकर यांचं मत वेगळं होतं. पण कारकुनाबद्दल मालकाचं मत वेगळं असतंच, त्यासाठीच त्याला मालक म्हणतात.

साल एकोणनव्वद, दसरा चार दिवसांवर. केंद्र होतं कापडाच्या दुकानाच्या माडीवर, आणि माडीच्या खिडकीतून समुद्र दिसायचा. दुपारी तीनच्या सुमाराला वारा पडदा फुगवायचा, पुन्हा खाली सोडायचा, आणि त्या तालावर चांगल्या चांगल्या माणसाची पापणी जड व्हायची. खोलीच्या मध्यभागी, टेबलावर, झालर लावलेल्या कापडाखाली कॉम्प्युटर बसलेला असे. अख्ख्या बाजारपेठेत तो एकटाच. लोक चपला बाहेर काढून आत येत आणि त्याच्यासमोर आपोआप आवाज खाली आणत. दोन वर्षांत त्याच्या पोटात सहाशे बारा स्थळं गेली होती, ती सगळी श्रीपादने एका बोटाने टाइप केलेली. गुप्तता म्हणून मशीनमध्ये नावं नव्हती, फक्त नंबर. कुठला नंबर कोणाचा, ते भाईंच्या कपाटातल्या वहीत कुलूपबंद होतं.

एडवर्ड हा मूळचा इथलाच, पण पणजीला कॉम्प्युटरच्या कंपनीत लागलेला. महिन्यातून एकदा बसने येऊन मशीन पुसून, तपासून जायचा.

"भाईनू, फुडल्या शुक्रवारी तेरा तारीख," तो म्हणाला. "त्या दिवसाची सगळीकडे बोंब आसा. कोणीतरी खोडी काडून एक प्रोग्राम लिवलो हा, व्हायरस म्हणतत तेका. तो मशीनीत गुपचूप बसान रवता. तेरा तारीख नि शुक्रवार एकदम इलो की उठता, नि आतला सगळा पुसून टाकता."

"येता खंयसून?"

"भायल्या फ्लॉपीतसून."

"आणि येवन बसलो ता कोणाक कळणा नाय?"

"नाय."

"नेमलेलो दिवस इलो की उठता?"

"व्हय."

भाईंनी मान हलवली. "म्हणजे करणीच मगे."

एडवर्ड तोंड उघडून काहीतरी शास्त्रीय बोलणार होता, पण मुद्द्यामागून मुद्दा जुळवून पाहिल्यावर त्याला फरक सांगता येईना. परक्याने पाठवलेलं, घरात गुपचूप बसणारं आणि तिथी पाहून उठणारं काय असतं, हे मालवणात पोरासोरांना ठाऊक असतं. ज्या गोष्टीसाठी मोठमोठ्या शहरांत इंजिनियर डोकं खाजवत बसले होते, ती भाईंना चहा निवायच्या आत समजली.

"दोनच गोष्टी करा," एडवर्ड उठता उठता म्हणाला. "त्या दिवशी मशीन चालू करू नकात. नि तेच्या आदी सगळ्याची एक नक्कल काडून ठेवा. नवीन फ्लॉपी मी धाडतंय. दुसरा काय एक करूक नको."

सल्ला इथे संपला. पण दोन ओळींत संपणारी गोष्ट दोन ओळींत संपवायची हा मालवणचा रिवाज नाही. भाईंनी त्याच संध्याकाळी श्रीपादकडून कोऱ्या कागदावर मथळा लिहून घेतला: 'यंत्रावर बाहेरून हल्ला झाल्यास केंद्राने करावयाच्या कार्यवाहीचा आराखडा'. मथळा लिहून झाल्यावर दोघेही थोडा वेळ त्याच्याकडे समाधानाने पाहत बसले.

आता श्रीपादला या प्रकरणाची जी धास्ती बसली होती, तिचं कारण भाईंना माहीत नव्हतं. कोणालाच माहीत नव्हतं. मशीनमध्ये सहाशे बारा नव्हे, सहाशे तेरा स्थळं होती. सहाशे तेरावं श्रीपादचं स्वतःचं. त्याला त्याने नऊशे नव्याण्णव नंबर दिला होता, कारण केंद्र इतक्यात तिथवर पोचेल अशी भीती नव्हती.

आणि एकशे चौऱ्याऐंशी नंबर होता नीरजाबाईंचा. हायस्कुलात गणित शिकवणाऱ्या, समोरच्याच आळीत राहणाऱ्या, सदतीस वर्षांच्या. त्यांच्या वडिलांनी नाव घातलं होतं. वडील गेले, आणि तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला त्या स्वतः माडी चढून येत आणि विचारत, "एकशे चौऱ्याऐंशीसाठी काही आहे?" श्रीपाद प्रामाणिक माणूस. जे स्थळ जुळे ते तो कळवायचा, पत्रं स्वतः लिहायचा, आणि चांगलं स्थळ असलं तर त्या रात्री जेवायचा नाही. कोणाला मुंबईला येणारी हवी असे, कोणाला नोकरी सोडणारी. बाई दोन्हीला तयार नव्हत्या. पत्र फिसकटल्याचं कळलं की श्रीपाद आपल्या बहिणीला, अक्काला, सोलकढी करायला सांगायचा.

दुपारी भाई वामकुक्षीला घरी गेले की तो मशीनवर नऊशे नव्याण्णव आणि एकशे चौऱ्याऐंशी या दोन पत्रिका जुळवायला घालायचा. मशीनला अकरा मिनिटं लागत. आत काहीतरी कुरकुर करी, एक हिरवा ठिपका लुकलुके, पडदा फुगे, खाली येई. त्या अकरा मिनिटांत श्रीपादचा सगळा संसार होऊन जायचा. कधी ती दोघं तारकर्लीला वाळूवरून चालत असत, कधी मागीलदारी बाई वह्या तपासत आणि तो नारळ सोलत असे, कधी नुसतीच दोघं एका बाकावर बसून काही बोलत नसत. हे शेवटचं त्याला सर्वांत आवडायचं. मग स्क्रीनवर अक्षरं यायची: गुण एकतीस. छत्तीसपैकी एकतीस. रोज तेच उत्तर यायचं आणि रोज त्याला ते पहिल्यांदाच आल्यासारखं वाटायचं.

या एक तारखेला बाई आल्या तेव्हा मात्र बसल्या नाहीत. "दिवाळीनंतर माझं नाव काढून टाका," उभ्याउभ्याच म्हणाल्या. "पुरे झालं आता. दर महिन्याला जिना चढून 'नाही' ऐकायचं वय राहिलं नाही." श्रीपादच्या मनात त्या क्षणी इतकं काही आलं, की त्यातलं काय आधी बोलावं ते ठरेना, आणि तोंडातून निघालं, "बरं." हे 'बरं' त्याला पुढचे बारा दिवस घशात हाडासारखं टोचत होतं.

तर आराखडा. बातमी बाजारपेठेत पसरल्यावर पहिले मदतीला धावून आले ते साल्वादोर. तीस वर्षं बोटीवर काढून निवृत्त झालेला माणूस. जमिनीवरची कुठलीच व्यवस्था त्यांना व्यवस्था वाटत नसे. त्यांनी आराखडा वाचला आणि एका बोटाने बाजूला सारला.

"हेच्यात ड्रिल खंय आसा?" त्यांनी विचारलं. "बोटीर आग लागली तर कप्तान कागद वाचीत बसना नाय. घंटा वाजता, नि हर एक माणूस आपल्या जाग्यार जावन उभो रवता. हय घंटा कोण वाजयतलो?"

हा प्रश्न कोणाला सुचलाच नव्हता. साल्वादोरनी घरून पितळी घंटा आणली आणि ती वाजवण्याची जबाबदारी, दुसरं कोणी मागण्याआधी, स्वतःकडे घेतली. कलम चार त्यांनीच सांगितलं: धोक्याच्या वेळी कारकुनाने जिन्यावरच्या मेन स्वीचपाशी उभं राहावं आणि कप्तानाचा, म्हणजे भाईंचा, हुकूम सुटल्याशिवाय जागा सोडू नये. श्रीपादने खाली सही केली. सही करताना आपण एका मोठ्या जहाजावर आहोत, वादळ आहे, आणि किनाऱ्यावर कोणी कंदील घेऊन उभं आहे असं त्याला स्पष्ट दिसलं, म्हणून सही जरा लांबली.

अक्काने रात्री जेवताना सगळं ऐकून घेतलं. "सगळ्यांच्या लग्नांचो बंदोबस्त केलंस," ती म्हणाली, "आता आपलो कदी करतलंस ता एक कलम घाल." आणि ताटात भात वाढला.

पाचव्या कलमात असं होतं, की होऊ घातलेल्या हल्ल्याची वर्दी सरकारदरबारी आगाऊ द्यावी. म्हणजे श्रीपादने द्यावी. तो इस्त्रीचा सदरा घालून आधी चौकीवर गेला. तिथल्या अंमलदाराने वही उघडली.

"हल्ला करणाऱ्याचं नाव?"

"माहीत नाही."

"राहणार?"

"परदेशात असावा, असं एडवर्ड म्हणतो."

"हत्यार?"

"प्रोग्राम."

अंमलदाराने लिहिलं: प्रोग्राम, नग एक. "बरं, हल्ला झाला कधी?"

"शुक्रवारी होणार आहे."

अंमलदाराने पेन खाली ठेवलं आणि श्रीपादकडे बराच वेळ करुणेने पाहिलं. "मग शुक्रवारी या. झाल्यावर."

दुसऱ्या कचेरीत करुणासुद्धा नव्हती. तिथे एक छापील तक्ता होता: वादळ, पूर, आग, दरड. "यातलं कुठलं?" खिडकीपलीकडून प्रश्न आला. श्रीपादने दरडीवर विचार केला, पुरावर केला, आणि मागची रांग कुरकुरायला लागल्यावर "वादळ" म्हणाला. त्याला तिथल्या तिथे शिक्कामोर्तब झालेला कागद मिळाला: वादळाची पूर्वसूचना मिळताच होड्या किनाऱ्यावर ओढून घ्याव्यात व कोणीही समुद्रात जाऊ नये. भाईंनी तो आराखड्याला टाचून ठेवला. सरकारी कागद आहे, कुठे ना कुठे लागू पडेलच, असं त्यांचं म्हणणं.

बुधवारी दुपारी रंगीत तालीम झाली. भाई वामकुक्षी सोडून आले, साल्वादोर पांढरा शर्ट घालून आले, घंटा वाजली. कापडाच्या दुकानातली गिऱ्हाइकं रस्त्यावर पळाली, दोन गल्ल्या सोडून सायकलवाला पडला, पण श्रीपाद काही जिन्यावर आला नाही. तो मशीनसमोर बसला होता, आठवं मिनिट चालू होतं, आणि तारकर्लीच्या वाळूत कुठेतरी देवळातली घंटा वाजतेय असं त्याला वाटत होतं. साल्वादोरनी आपल्या वहीत इंग्रजीत नोंद केली आणि सर्वांना मराठीत वाचून दाखवली: हल्ला झाला तेव्हा कारकून आपल्या जागी झोपलेला आढळला.

"झोपलो नव्हतो," श्रीपाद म्हणाला. "विचार करत होतो."

"कसलो?"

श्रीपादने झालरीचं कापड मशीनवर ओढून घेतलं. मानी माणसाला अशा वेळी गप्प बसावं लागतं आणि लोक त्याचा भलता अर्थ काढतात.

इकडे एडवर्डने धाडलेल्या फ्लॉपींचा पत्ता नव्हता. गुरुवारी सकाळी ट्रंक कॉल लावून चौकशी केल्यावर कळलं, की पार्सल कंडक्टरच्या हवाली केलं होतं, पण ती बस दोडामार्गला गेली. पार्सल तिथे सुखरूप आहे आणि सोमवारच्या आत हलणार नाही. कपाटातल्या जुन्या फ्लॉपींना पावसाळ्यात बुरशी आली होती. आता नक्कल काढायची कशावर?

"कागदार," भाई म्हणाले. "सगळा छापून काड. कागद काय मरणा नाय."

मशीनला 'सगळं छाप' असा एकच हुकूम ठाऊक होता. सगळं म्हणजे नऊशे नव्याण्णवसुद्धा, आणि त्याखाली मशीनने नोंदवलेली जुळणीही. सोपा उपाय एकच होता, तो पुसून टाकायचा. भाई खाली पान खायला गेले तेव्हा श्रीपादने तो नंबर काढला आणि पुसण्याचं बटण दाबलं. मशीनने इंग्रजीत विचारलं: नक्की पुसू? हो की नाही?

हिरव्या अक्षरांकडे तो पाहत राहिला. इतका स्पष्ट प्रश्न त्याला आयुष्यात कोणी विचारला नव्हता. एक्केचाळीस वर्षांचा हिशेब पुसायला एक बटण, आणि त्यानंतर दुपारच्या अकरा मिनिटांत काय करायचं, हे आराखड्यात कुठेच नव्हतं. त्याने 'नाही' दाबलं. शेवटचं पान आपण हळूच फाडून घेऊ, असं ठरवून छपाई सुरू केली.

एका पानावर सहा स्थळं, एकापाठोपाठ एक, कडेला भोकं असलेला सलग कागद. छपाईयंत्र करकरत मागे-पुढे धावू लागलं. वीज दोनदा गेली, दोनदा आली. एकशे दोन पानं भरली आणि एकशे तिसऱ्यावर नऊशे नव्याण्णव एकटाच उतरला. त्या वेळी श्रीपाद तिथे असता तर गोष्ट इथेच संपली असती. तो तिथे होताही, पण खुर्चीत, खिडकीकडे तोंड करून. एका सुरातली करकर, उष्ण वारा, दूरवर उन्हात चमकणारं पाणी, आणि एका बाकावर न बोलता बसलेली दोन माणसं. जाग आली तेव्हा यंत्र गप्प होतं आणि भाई कागदाची चळत लाल कापडात बांधत होते.

"भाई, शेवटचं पान जरा..."

"काय एक फाडूचा नाय. अखंड आसा ता अखंडच रवांदे." त्यांनी गाठ मारली. "रातभर आमच्या देव्हाऱ्यात ठेवतंय."

श्रीपाद संध्याकाळी भाईंच्या घरी तीनदा गेला. एकदा छत्री विसरल्याचं सांगून, एकदा छत्री परत ठेवायला, आणि एकदा काहीच न सुचल्यामुळे. तिन्ही वेळा चहा मिळाला. देव्हाऱ्याला हात लावायला मिळाला नाही.

शुक्रवारी पहाटे सगळे केंद्राच्या जिन्याखालच्या अंगणात जमले. शुक्रवार नेमका लागतो कधी, यावर आदल्या दिवशी खल झाला होता. साल्वादोर म्हणत होते रात्री बारा वाजता. भाईंनी निकाल दिला, की व्हायरस भले विलायती असेल, मशीन मालवणात आहे, आणि इथे दिवस सूर्य उगवल्यावर लागतो. त्या मशीनमध्ये व्हायरस नव्हताच, कधीच नव्हता, हे एडवर्डने शनिवारी येऊन सांगितलं. पण शनिवारपर्यंत बरंच काही होऊन गेलं.

गाऱ्हाणं घालायला गंगाराम आले होते. आळीत कोणाची नवी होडी पाण्यात जायची असो की मुलगा परीक्षेला बसायचा असो, देवाला सांगायचं काम गंगारामांचं. ते एकेक वाक्य म्हणत आणि जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणून साथ द्यायची. अंगणात तुळशीपुढे नारळ ठेवला होता, उदबत्तीचा धूर आणि समुद्रावरून आलेलं धुकं एकमेकांत मिसळलं होतं, आणि पंचवीस-तीस माणसं अर्धवट झोपेत हात जोडून उभी होती. श्रीपाद कलम चारप्रमाणे जिन्यावर, मेन स्वीचला हात लावून.

"बा देवा म्हाराजा," गंगारामांनी सुरुवात केली, "आज तुझी लेकरा तुझ्या पायाकडे उबी आसत रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

"ह्या भाई मयेकरान माडयेर एक यंत्र हाडल्यान. त्या यंत्राच्या पोटात आमच्या चेडवांची नि झिलांची लग्ना आसत रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा." साल्वादोर मागून आमेनही म्हणाले.

"साता समुद्रापलीकडसून कोणी वायटान काय धाडल्यान आसात, तर ता आल्या वाटेन परत जावंदे रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

मग गंगाराम थांबले. "आता नावा सांगा."

"कसली नावा?" भाईंनी विचारलं.

"कोणाची राखण करूची ती. देवाक 'सगळी' म्हणान चलना नाय. एकेक सांगूक व्हया."

नावं सांगणं शक्य नव्हतं, पण नंबर होते. भाईंनी लाल कापड सोडलं. अक्षरं इंग्रजी, भाईंचं इंग्रजी सहीपुरतं, साल्वादोरांचा चष्मा घरी. "मी वाचतो," श्रीपाद जिन्यावरून म्हणाला, आणि एक पायरी उतरला.

"कलम चार," साल्वादोर म्हणाले. श्रीपाद पायरी परत चढला.

"बाई, तुम्ही वाचता काय?" भाईंनी गर्दीकडे पाहून विचारलं, आणि श्रीपादला तेव्हा कुठे दिसलं, की तुळशीपलीकडे नीरजाबाई उभ्या आहेत. शाळेला अवकाश होता, साल्वादोरची घंटा ऐकून त्या घरातून आल्या होत्या. त्यांनी कागद हातात घेतले.

"क्रमांक एक," त्या स्वच्छ, वर्गातल्या आवाजात वाचू लागल्या. "मुलगा. वय एकोणतीस. उंची पाच फूट सहा. मुंबईला गोदीत नोकरी. डाव्या पायाने किंचित लंगडतो."

"हौसाबाईचो झील," गर्दीतून कोणीतरी म्हणालं.

"तेचा जमला नाय आजून?"

"क्रमांक दोन. मुलगी. वय चोवीस. शिवण येतं. एकदा ठरून मोडलं आहे."

"ती मिठबावची. मोडला कित्याक ता माका म्हायत आसा."

भाईंना दरदरून घाम फुटला. दोन वर्षं कुलपात जपलेली गुप्तता पहिल्या अर्ध्या पानात तुळशीपुढे सांडली होती, आणि सहाशे दहा अजून बाकी होते. परक्या हल्लेखोराला जमलं नसतं ते त्यांच्या आराखड्याने पहाटे सहा वाजता करून दाखवलं. "ऱ्हवांदे, ऱ्हवांदे," ते घाईने म्हणाले. "गंगाराम, पयलो सांगलो, आता अखेरचो सांगलो तर मदले सगळे इले की नाय त्येच्यात?"

गंगारामांनी मिटल्या डोळ्यांनीच विचार केला. "येतत," ते म्हणाले. "पयलो नि अखेरचो बांदलो की मदले खंय जातले?"

"शेवटचं पान कोरं आहे," श्रीपाद जिन्यावरून म्हणाला, पण तोवर बाईंनी शेवटचं पान उलगडलंही होतं.

"क्रमांक नऊशे नव्याण्णव." त्या थांबल्या. "सहाशे बारानंतर एकदम नऊशे नव्याण्णव कसा?"

"वाचा तुमी," गंगाराम म्हणाले.

"मुलगा. वय एक्केचाळीस. उंची पाच फूट चार. नोकरी..." त्यांचा आवाज मंदावला. "नोकरी, वधू-वर सूचक केंद्र, मालवण. कारकून."

अंगणातली सगळी तोंडं एकदम जिन्याकडे वळली. श्रीपादने आराखड्याप्रमाणे मेन स्वीच खाली ओढला. माडीवर बंद होण्यासारखं काही नव्हतं. खाली दुकानातला रेडिओ तेवढा थांबला.

"अपेक्षा," बाई वाचत होत्या. "काही नाही. आहेत तशाच असाव्यात." त्यांनी पुढची ओळ मनात वाचली, मग मोठ्याने वाचली. "जुळणारं स्थळ, क्रमांक एकशे चौऱ्याऐंशी. गुण एकतीस."

गंगारामांचे डोळे मिटलेलेच होते. गाऱ्हाण्याच्या मध्ये ते कधी डोळे उघडत नसत. "तर बा देवा म्हाराजा, ह्यो नवशे नव्व्याण्णव नंबर एकशे चौऱ्याऐंशी नंबराक मागता हा. तेच्या मनात जा काय आसा, ता पुरा करून दी रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," अंगण सवयीने म्हणालं, आणि मग आपण काय म्हणालो ते एकेकाच्या ध्यानात येऊ लागलं. एकशे चौऱ्याऐंशी कोण, हे तिथे भाईंखेरीज दोघांनाच ठाऊक होतं. अक्काने मात्र बाईंच्या तोंडाकडे एकदाच पाहिलं आणि पदराने डोळे पुसायला घेतले.

श्रीपाद जिन्यावर उभा होता. त्याच्या सगळ्या दिवास्वप्नांत हा प्रसंग कधीही आला नव्हता. पळून जावं तर वाट अंगणातूनच होती. लाज वाटत होती, भीती वाटत होती, आणि आश्चर्य म्हणजे दोन वर्षांत पहिल्यांदाच अंग हलकं झालं होतं.

नीरजाबाईंनी मान वर केली. "हे गुण कोणी काढले?"

"मशीनने."

"कधी?"

"रोज. दुपारी."

"रोज?" गणिताच्या बाईंचा स्वर. "उत्तर बदलत नाही ते माहीत असूनसुद्धा?"

"अकरा मिनिटं लागतात त्याला," श्रीपाद म्हणाला. "ती हवी असायची." आणि मग, आता लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं म्हणून, म्हणाला, "एक तारखेला तुम्ही नाव काढायला सांगितलंत तेव्हा मी 'बरं' म्हणालो. मला तसं म्हणायचं नव्हतं."

बाईंनी शेवटचं पान चळतीपासून सावकाश, भोकांच्या रेषेवरून, नीट फाडलं. भाईंनी हरकत घेतली नाही. पानाची चौपदरी घडी घालून त्यांनी ती मुठीत धरली, समुद्राकडे एकदा पाहिलं, आणि गंगारामांकडे वळल्या. केंद्रात येऊन त्या आजवर पुस्तकी मराठीच बोलत आल्या होत्या.

"गंगारामकाकानू," त्या म्हणाल्या, "अखेरचा परत एकदा म्हणा. माझो जबाब देवचो रवलो."

गंगारामांनी पहिल्यांदाच डोळे उघडले. एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा जिन्याकडे पाहिलं, आणि पुन्हा हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, नवशे नव्व्याण्णव नंबराच्या मनात जा काय आसा, ता पुरा करून दी रे म्हाराजा."

यावेळी अंगणात कोणी तोंड उघडलं नाही. साल्वादोरनी घंटेची जीभसुद्धा मुठीत धरून ठेवली होती.

"व्हय म्हाराजा," नीरजाबाई म्हणाल्या.